एक हात जहाजाला, एक हात स्वतःला

यंत्राच्या युगात शिडाचे जहाज कशाला, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. माझ्या मते त्याहून कठीण प्रश्न दुसराच आहे. ज्यांच्या हाती दुसऱ्यांची मुले सोपवलेली असतात अशा सर्वांनी, संडे स्कूलच्या शिक्षकांनीही, तो स्वतःला विचारावा. मुलाला माणूस करण्यासाठी त्याचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे?

आपल्या गोमंतकाला हा विषय परका नाही. वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये बांधलेले 'तरंगिणी' हे तीन डोलकाठ्यांचे जहाज १९९७ साली नौदलात दाखल झाले आणि २००३-०४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्याच शिपयार्डमधले 'सुदर्शिनी' २०१२ साली आले. दोन्ही जहाजे शिकाऊ अधिकाऱ्यांसाठी. शीड सोडायचे किंवा गुंडाळायचे तर दोरशिडीने वर चढून आडव्या काठीवर सरकत जावे लागते. पाय खालच्या दोरावर, पोट काठीला टेकलेले. जितके उंच जावे तितका हेलकावा मोठा. तो पायांखालचा दोर सर्वांचा मिळून एकच असतो. एकाने पाय ठेवला की बाकीच्यांचे पाय उचलले जातात, म्हणून पाय ठेवण्यापूर्वी ओरडून सांगण्याची जुनी रीत आहे. शेजाऱ्याचा विचार करावा हे आम्ही वर्गात वर्षभर सांगतो. तिथे ते पहिल्या दिवशीच पायांना कळते.

खलाशांची एक जुनी म्हण आहे: एक हात जहाजाला, एक हात स्वतःला. आत्मत्यागाच्या उपदेशाची सवय झालेल्या आपल्या कानांना तिचा उत्तरार्ध जरा खटकतो. स्वतःसाठी हात राखून ठेवणे म्हणजे स्वार्थ नव्हे काय? मला तसे वाटत नाही. पडलेला माणूस जहाजाच्या उपयोगाचा नसतो हे तर खरेच. पण एवढेच कारण असते तर मुलाची किंमत त्याच्या कामाइतकीच ठरली असती. तुझा जीव तुझ्याही स्वाधीन आहे, तो कोणाच्या हुकुमासाठी सोडून देऊ नकोस, असे ही म्हण पोराला सांगते. मात्र पोराने दुसरा हात घट्ट धरला तरी वडीलधाऱ्यांची जबाबदारी संपत नाही.

१९५७ साली जर्मनीचे 'पामिर' हे शिडाचे जहाज अटलांटिक महासागरात चक्रीवादळात बुडाले. त्यावर ८६ जण होते, त्यांत निम्म्याहून अधिक शिकाऊ मुले. वाचले ६. जहाजात जव पोत्यांत न भरता बहुतांशी सुटाच भरला होता, आणि तो एका बाजूला सरकला हे बुडण्याचे एक कारण चौकशीत ठरले. वादळ समुद्राचे होते. पण धान्य कसे भरावे हे किनाऱ्यावरच्या मोठ्या माणसांनी ठरवले होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायातही हेच दिसते. हिवाळा तोंडावर आला असता पौलाने धोका सांगितला, पण शताधिपतीने तांडेलाचे आणि जहाजाच्या मालकाचे ऐकले. मालकाचा माल जहाजात होता, हे विसरू नये.

१७ मे २०२५ रोजी मेक्सिकोच्या नौदलाचे 'क्वाउतेमोक' हे शिक्षण-जहाज न्यूयॉर्कमधून निघताना ब्रुकलिन पुलावर आदळले व त्याच्या डोलकाठ्या मोडल्या. निरोपाच्या मानवंदनेसाठी तरुण मंडळी उंच काठ्यांवर उभी होती. दोन तरुण जीव गेले. ही मानवंदना जुनी आहे आणि दिसते देखणी. तरीही तिथे उभ्या राहिलेल्यांना तीतून काय शिकायला मिळत होते, असे मनात येतेच.

म्हणून मी धोक्याधोक्यांत फरक करतो. शिकण्याच्याच पोटात असलेला धोका, जो मुलाला आधी सांगितलेला आहे आणि ज्यासाठी त्याची तयारी करून घेतलेली आहे, तो पत्करण्याचा हक्क त्याला द्यावा. आमच्या हिशेबासाठी किंवा आमच्या शोभेसाठी त्याच्यावर लादलेला धोका मात्र निराळा. आणि जी आई मुलाला मांडवीच्या पाण्यात पाऊलही घालू देत नाही तिनेही हिशेब करावा. न पोहणारे मूल सुरक्षित नसते.

'तारिणी' ही होडी दिवाडीत बांधली गेली. १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी जगप्रदक्षिणा करून परतल्या. त्या स्वखुशीने पुढे आल्या होत्या. निघण्यापूर्वी त्यांनी 'म्हादेई'वर कित्येक महिने समुद्र पाहिला होता, आणि त्यांना शिकवणारे कॅप्टन दिलीप दोंदे स्वतः २००९-१० मध्ये एकट्याने तीच प्रदक्षिणा करून आले होते.