गंगेची कावड आणि चंद्राची वाट



नाथबाबांच्या कावडीची कथा आपण कीर्तनात पुष्कळदा ऐकली आहे. रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले आणि देवाला ते तिथेच पावले, असे मानले. ही कथा मनात असली की एक प्रश्न टोचतो. उन्हाळ्यात नालासोपारा-विरारच्या चाळींत टँकरपुढे हंडे लागतात आणि त्याच देशाच्या तिजोरीतून चंद्रावर यान जाते. मग आपली कावड तहानलेल्याला ओलांडून चालली आहे का?

या प्रश्नाकडे रागाने नव्हे, हिशेबाने पाहावे. चांद्रयान-३ साठी सुमारे ६१५ कोटी रुपये लागले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते चंद्रावर उतरले. हा खर्च माणशी साडेचार रुपयेही होत नाही. मात्र रक्कम लहान आहे म्हणून प्रश्न सुटत नाही. पदराची गाठ सोडून भिशी भरणाऱ्या आजीच्या दहा रुपयांचाही हिशेब दिंडीला द्यावाच लागतो.

आता दिंडीचेच पाहा. आपण टाळ-मृदंगाच्या गजरात चालत असतो, तेव्हा काही माणसे ट्रक घेऊन पुढच्या मुक्कामी गेलेली असतात. ती राहुट्या ठोकतात, पाणी पाहतात, चूल पेटवतात. त्यांच्यावरचा खर्च वाया गेला असे कोणी म्हणत नाही, कारण संध्याकाळी थकलेल्याला तिथे घास मिळतो.

उपग्रह हे असेच पुढे गेलेले गडी आहेत. मे २०२१ मध्ये अरबी समुद्रात तौक्ते वादळ उठले. ते कुठे आहे, कसे सरकते आहे, हे उपग्रहांच्या छायाचित्रांवरून दिसत होते. समुद्रात जाऊ नका, गेले असाल तर परत फिरा, असा इशारा हवामान खात्याने मच्छीमारांना आधीच दिला. १७ मे रोजी ते वादळ अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या समोरून गुजरातकडे गेले. ज्या घरातला माणूस त्या दिवशी किनाऱ्यावर होता, त्या घराला उपग्रहाची किंमत सांगावी लागत नाही.

पण त्याच वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला आणि अनेक कामगारांचे प्राण गेले. इशारा आकाशातून आला होता, तरी ती माणसे समुद्रातच राहिली. म्हणून खर्च सार्थ झाला का, हे यान उडाले त्या क्षणी नव्हे, शेवटच्या माणसापाशी ठरते.

हे ऋण जुने आहे. केरळातील थुंबा हे मच्छीमारांचे गाव. तिथल्या लोकांनी आपली जागा आणि सेंट मेरी मॅग्डालीन चर्च या कामासाठी दिले, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिले रॉकेट उडाले. ज्यांनी घर दिले, त्यांच्या भाईबंदांच्या होड्या सुखरूप परतणे ही त्या ऋणाची फेड आहे.

मग चंद्राचे काय? तिथून ना पाणी येते, ना इशारा. पण माउली, पायी चालून काय मिळते, असे लोक आपल्यालाही विचारतात. ज्याचा लाभ मोजता येत नाही ते सारे व्यर्थ, असे वारकऱ्याने म्हणू नये. सृष्टी जाणून घेण्याची ओढही माणसाला देवानेच दिली आहे. फरक एवढाच, की वारी आपण स्वतःच्या भिशीवर करतो आणि यान सर्वांच्या पैशावर जाते. साबण घेणारा गरीबही त्यात कर भरतो. त्याला कोणी विचारलेले नसते. म्हणून ज्ञानासाठी थोडा वाटा जरूर असावा. पण तो जपून खर्चावा, उघड हिशेबाने खर्चावा, आणि तहानलेल्याच्या वाट्यातून कधीही काढू नये.

चंद्रावरची मोहीम थांबवली म्हणून आपल्या नळाला आपोआप पाणी येणार नाही. त्याचा जाब पाण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांनाच विचारावा लागेल. तेव्हा यान उतरल्यावर टाळी वाजवा, आनंद माना. आणि दुसऱ्या दिवशी पाण्यासाठी निवेदन घेऊन पालिकेच्या दारी जा. दोन्ही कामे एकाच नागरिकाची आहेत.

राम कृष्ण हरी.