फुलीच्या टाक्याचे नाताळ-कार्ड

शास्त्रपाठ : लूक २:१-७, २५-३५, मत्तय ५:२३-२४, इफिस २:१३-१६



गेल्या वर्षी डिसेंबरच्या आरंभी आमच्या मंडळीतील संडे स्कूलच्या शिक्षिकाबाई आजारी पडल्या आणि मोठ्या मुलींचा वर्ग तीन रविवार माझ्याकडे आला. धडा लूककृत शुभवर्तमानातला होता. तो मी सांगू शकत होतो. पण बाईंनी मुलींना नाताळची कार्डे भरतकामाने करायला दिली होती आणि ते काम अर्धवट राहिले होते. त्या कामात मी शिक्षक नव्हतो, विद्यार्थी होतो. एका बारा वर्षांच्या मुलीने माझ्या हाती सुई दिली आणि म्हणाली, "काका, तुम्हीपण एक करा."

बेळगाव-धारवाडकडील भगिनींना हे काम नवे नाही. इरकली साडीवर धागे मोजून जी कसुती भरतात, तिच्यातला 'मेंथी' टाका हा फुलीचाच. कार्डासाठी चौकड्यांच्या विणीचे कापड घेतात. आमच्या कापडात एका इंचात १४ घरे होती, म्हणजे एका चौरस इंचात १९६ फुल्या. रेशमाच्या लडीत सहा पदर असतात, त्यांतले दोन घ्यायचे. कापडाची चौघडी करून मध्य काढायचा आणि तेथून मोजत भरत जायचे. धाग्याला गाठ मारायची नाही. टोक मागच्या टाक्यांखाली दाबायचे. प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला गेला पाहिजे. भरून झाले की जाड कागदाला चौकट कापून कापड आतून चिकटवायचे.

आमचा नमुना गव्हाणीचा होता : वर तारा, खाली छप्पर, मध्ये गव्हाण.

पहिल्याच रविवारी एक गोष्ट माझ्या मनात आली. त्या चित्रात वधस्तंभ कोठेही काढलेला नव्हता. तरीही तारा, छप्पर, गव्हाणीतले गवत, बाळाची बाळंती, सारे लहान लहान वधस्तंभांनीच भरलेले होते. ते काढून टाकले तर हाती कोरे कापड राहील. वृद्ध शिमोनाने हेच पाहिले होते. मंदिरात त्याने बाळाला हातांत घेतले, देवाचा धन्यवाद केला, आणि त्याच वेळी मरीयेला सांगितले की तुझ्या जिवातून तरवार आरपार जाईल. बाळ तेव्हा काही आठवड्यांचेच होते. आपण मात्र गव्हाण डिसेंबरात ठेवतो आणि वधस्तंभ उत्तम शुक्रवारसाठी राखून ठेवतो. देवाने या दोहोंची अशी वाटणी केलेली नाही.

वर्गात मुली एकमेकींना विचारत होत्या, "तुझं कार्ड कुणाला?" एकीचे आजीला होते, एकीचे वसतिगृहातल्या मैत्रिणीला. मग मला प्रश्न आला, "काका, तुमचं?" मी हसून वेळ मारून नेली. पण एक नाव मनात आले होते : सोलापूरचे माझे थोरले बंधू. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून आमचे बोलणे बंद होऊन पाच वर्षे झाली होती. नाताळच्या शुभेच्छा मी दरवर्षी पाठवीत होतो. मोबाईलवर एकच चित्र सर्वांना जायचे, आणि त्या सर्वांत दादाही होता. मला वाटे, माझे कर्तव्य झाले.

छापील नाताळ-कार्डाचा आरंभ १८४३ साली लंडनला झाला. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना इतकी पत्रे लिहायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतले. एका कार्डाची किंमत एक शिलिंग होती. मध्ये जेवणाला बसलेले कुटुंब होते आणि दोन्ही बाजूंना भुकेल्याला अन्न व उघड्याला वस्त्र देणारे लोक. चित्र चांगले होते, हेतू वेळ वाचवण्याचा होता. वेळ वाचवणे हे पाप नव्हे. पण देवाने आपल्याला शुभेच्छा पाठवल्या तेव्हा वेळ वाचवला नाही. त्याने संदेष्ट्यांकरवी बोलणे केले, आणि मग पुत्र स्वतः आला. नासरेथात तो वाढला, सुताराच्या घरात राबला, आणि सुमारे तीस वर्षांचा झाल्यावर त्याने सेवेला आरंभ केला.

दुसऱ्या रविवारी माझे छप्पर खांबाला येऊन मिळेना. एका घराचा फरक पडत होता. मी म्हणालो, "चालेल, कुणाच्या लक्षात येणार?" ती मुलगी म्हणाली, "नाही काका, पुढे सगळंच सरकत जाईल. चूक झाली तिथपर्यंत उसवावं लागतं."

त्या रात्री मी दिव्याखाली बसून उसवत होतो. चूक अगदी खाली, गव्हाणीच्या पायाशी निघाली. एकेक फुली सोडवताना मला दुसरी चूकही सापडली. वाटणीच्या दिवशी, दादाच्या मुलांसमोर, आईच्या आजारपणात मी किती पैसे घातले ते मी मोजून दाखवले होते. आकडे खरे होते. पण ते बोलणे मुलाने बोलावे असे नव्हते, भावाने ऐकावे असेही नव्हते. त्यानंतर दादाच्या प्रत्येक शब्दात मला दोष दिसत गेला, कारण पायाशीच एक घर चुकले होते. प्रीती अपकाराचा हिशेब ठेवत नाही, यावर मी व्यासपीठावरून दोनदा बोललो होतो.

प्रभू येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करायला जावे. लक्षात घ्या, आपल्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे, हे तो विचारत नाही. पहिले पाऊल आपणच टाकायचे आहे. आणि पौल लिहितो की ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली ती वधस्तंभाच्या द्वारे. वधस्तंभ टाळून समेट होत नाही. कोणाचा तरी मान उतरतो, कोणाचा तरी हिशेब फाडावा लागतो.

कार्ड पुरे झाले. त्याची मागची बाजू काही सुबक नव्हती. ती कागदाने झाकण्यापूर्वी मी आतल्या घडीवर चार ओळी लिहिल्या : त्या दिवशी मी जे बोललो ते चुकलो, क्षमा कर. घराविषयी एक शब्दही लिहिला नाही.

नाताळ गेला, नवे वर्ष आले, उत्तर आले नाही. पुनरुत्थानाच्या सणाच्या आठवड्यात दादाचा फोन आला. त्याने एवढेच विचारले, "कार्ड तू स्वतः भरलंस?" मी हो म्हणालो. थोड्या वेळाने म्हणाला, "आईला दाखवायला हवं होतं." घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण आता आम्ही बोलतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, या नाताळात मुलांकडून कार्डे करून घ्या. एक कार्ड आवडत्या माणसासाठी होईलच. दुसरे अशा माणसासाठी करायला सांगा, ज्याचे नाव घ्यायला जड जाते. आणि आधी आपण स्वतः एक करा. ज्याला सुई धरता येत नाही त्याने पत्र लिहावे, पण ते हाताने, आणि चूक झाली तेथपासून लिहावे.

हे प्रभू, तू आमच्या अपराधांचा हिशेब वधस्तंभी पुसून टाकलास. आम्ही जपून ठेवलेले हिशेब सोडण्याची आम्हांला कृपा दे. आमेन.