सहलीच्या कागदावरची जेवणाची ओळ

दिवाळीची सुटी लागली की वाशीम, मालेगाव, रिसोडकडच्या कितीतरी घरांत एक कागद निघतो. सोयाबीन घरात आलेलं असतं, हाताशी चार पैसे असतात, पोरांच्या शाळा बंद असतात. जुन्या वहीचं पाठकोरं पान फाडून घरातलं एखादं जाणतं पोरगं लिहायला बसतं. पहाटे 5 ला निघणे. पातूर, बाळापूर. 8 ला शेगाव. दर्शन. आनंद सागर. दुपारी जेवण. 5 ला परत. रात्री 9 ला घरी. कडेला गाडीभाडं, डिझेल, तिकिटं यांची बेरीज.

या कागदावर सगळ्यांत घाईनं लिहिलेली ओळ 'दुपारी जेवण' ही असते. आधी काय पाहायचं, रांग कुठे लागेल, फोटो कुठे काढायचे यावर अर्धा अर्धा तास वाद होतो. जेवणाचं मात्र 'पाहू तिथं गेल्यावर' म्हणून सोडून देतात. खरं तर सहलीला कोण कोण निघालं आहे, हे त्या एका ओळीवरूनच कळतं. गाडीत दहा जण बसलेले असतात, पण बेत आखताना त्यातले पाच-सहाच डोळ्यांसमोर असतात. उरलेले कोण, याचा उलगडा दुपारी एक-दीडच्या सुमारास होतो. आजीला तिखट चालत नाही, तान्ह्या पोराच्या आईला सावलीत बसायला जागा हवी असते, आणि गाडी चालवणारा कुठे गेला हे कुणालाच माहीत नसतं.

वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 ला अकोल्यापासून वेगळा झाला. जिल्ह्यात देवस्थानं पुष्कळ आहेत. कारंज्याचं गुरुमंदिर आहे, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत, मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, आणि तिथे 5 ऑक्टोबर 2024 ला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटनही झालं. पण पाळणे, कारंजी, छोटी रेल्वे असं सगळं एका कुंपणात हवं असेल, तर इथल्या एका अख्ख्या पिढीनं शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं शेगाव गाठलं. श्री गजानन महाराज संस्थाननं दोनशे एकरांहून मोठ्या जागेवर उभारलेलं आनंद सागर हेच पश्चिम विदर्भाचं थीम पार्क होतं. मोठं तळं, मधल्या बेटावर ध्यानकेंद्र, गर्द झाडी, आणि हे सारं अगदी साध्या माणसाच्या खिशाला परवडेल अशा दरात. पुढे ते काही वर्षं बंद राहिलं आणि मग त्याचा काही भागच पुन्हा उघडला. आज तिशी-पस्तिशीत असलेली वऱ्हाडातली माणसं त्या छोट्या गाडीची आठवण सांगतात, तेव्हा त्यांच्या आवाजात अजून बालपण ऐकू येतं.

आता बेत लांबले आहेत. मालेगाव, शेलुबाजार, कारंजा इथून समृद्धी महामार्गावर चढता येतं. हा 701 किलोमीटरचा रस्ता 5 जून 2025 पासून शेवटपर्यंत खुला झाला. खोपोलीजवळचं 2013 साली सुरू झालेलं इमॅजिका हे थीम पार्क जिल्ह्यापासून जवळपास पाचशे किलोमीटरवर, पण एका मुक्कामाच्या बेतात बसायला लागलं आहे. नागपूरचे वॉटर पार्क तर सकाळी जाऊन रात्री परतण्याइतके जवळ आले. रस्ता लांबला, खर्च वाढला आणि जेवणाच्या ओळीचं वजनही त्याबरोबर वाढलं.

पूर्वी या ओळीचं उत्तर ठरलेलं होतं. शिदोरी. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, तिखट पुऱ्या, तेलात परतलेला ठेचा, जवसाची चटणी, फडक्यात बांधलेले कांदे. झाडाखाली सतरंजी अंथरायची, डबे उघडायचे, शेजारी बसलेल्या अनोळखी कुटुंबाला 'घ्या ना जी' म्हणून चटणी पुढे करायची. थीम पार्कच्या दारावर नेमकी हीच शिदोरी अडते. बहुतेक ठिकाणी बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. फाटकाशी पिशव्या उघडून पाहतात, डबे गाडीत ठेवून यायला सांगतात, आणि आत गेल्यावर तेवढ्याच पोटासाठी घरच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात.

सिनेमागृहांबाबत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 3 जानेवारी 2023 च्या निकालात न्यायालयानं म्हटलं, की बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा हक्क चित्रपटगृहाच्या मालकाला आहे. मात्र पिण्याचं पाणी सगळ्यांना मोफत मिळालं पाहिजे, आणि लहान बाळासाठी आईबापांनी आणलेलं खाणं अडवता येणार नाही. निकाल सिनेमागृहांपुरता होता. पण व्यापाराच्या हक्काला मान देतानाही त्या दालनातलं सगळ्यांत लहान माणूस न्यायालयाच्या नजरेतून सुटलं नाही. घरात बसून बेत आखणाऱ्याकडेही एवढी नजर असायला काय हरकत आहे? बाळ काय खाईल, मधुमेह असलेल्या आजोबांना किती वाजता खायला लागतं, सूर्यास्तानंतर न जेवणारी कारंज्याची जैन मावशी बरोबर असेल तर संध्याकाळी गाडी कुठे थांबवायची, हे प्रश्न आधी सोडवून मग बाकीचा दिवस त्यांच्याभोवती बसवता येतो. आजवर बहुतेक घरांत उलटं होत आलं आहे. दिवस आधी भरून टाकायचा आणि अशक्त माणसानं त्यात कसंबसं स्वतःला बसवून घ्यायचं.

शिदोरीबद्दल आपल्याकडे हळवं होऊन बोललं जातं. ते स्वाभाविकही आहे. पण गाडी पहाटे पाचला निघणार असेल तर दशम्या किती वाजता लाटल्या जातात, हे त्या कागदावर कुठेच नसतं. ज्या घरातून दहा माणसांची शिदोरी निघते, त्या घरात एक-दोन बाया रात्री तीनला उठलेल्या असतात. आदल्या संध्याकाळी पुऱ्यांचं पीठ, रात्री पोरांचे कपडे, पहाटे तवा. गाडी सुरू झाली की पातूर यायच्या आत त्यांची मान खिडकीला टेकते, आणि बाकीचे हसून म्हणतात, 'पाहा, हिला कुठंबी झोप येते.' केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत दिसून आलं, की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात आणि पुरुषांची 97. शिवाय असं काम करणाऱ्या पुरुषांची संख्याही फार कमी. सुटीच्या दिवशी ही 299 मिनिटं कमी होत नाहीत, फक्त पहाटेकडे सरकतात. घरचं नेलं म्हणजे स्वस्तात झालं, असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा बेरजेतून कुणाची तरी झोप गाळलेली असते.

अमेरिकेतल्या एका जुन्या थीम पार्कची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियात ब्युएना पार्क नावाच्या गावी वॉल्टर नॉट नावाचा शेतकरी रस्त्याकडेला बेरी विकायचा. मंदीचे दिवस होते. जून 1934 मध्ये त्याच्या बायकोनं, कॉर्डेलियानं, कोंबडीचं जेवण रांधून आठ गिऱ्हाइकांना आपल्या लग्नातल्या चिनी मातीच्या ताटांत वाढलं. दर ताटाला 65 सेंट. जेवणाची कीर्ती झाली, बाहेर रांगा लागू लागल्या. त्या रांगेतल्या माणसांचा वेळ जावा म्हणून नॉटनं आवारात पाहण्यासारख्या गोष्टी उभ्या करायला सुरुवात केली, आणि 1940 च्या सुमारास तिथे जुन्या पद्धतीचं एक गावच वसवायला घेतलं. नॉट्स बेरी फार्म हे थीम पार्क असं जन्माला आलं. डिझ्नीलँड उघडलं ते 1955 मध्ये, म्हणजे त्याच्या पुष्कळ नंतर. एका बाईच्या स्वयंपाकघरासमोरच्या रांगेतून अख्खं पार्क उभं राहिलं, कारण तिथे तिच्या रांधण्याला ताटामागे किंमत लावलेली होती. इथल्या तीन वाजताच्या दशम्यांना ती कधी लागलेली नाही.

मग काय, शिदोरी बंद करून टाकायची? तसं मुळीच नाही. आजीच्या पोटाला घरचंच बरं, आणि झाडाखालच्या पंगतीला जी चव असते ती विकत मिळत नाही. पण वऱ्हाडात रोडग्यांचं जेवणही आहे. शेतात किंवा देवस्थानाच्या आवारात गोवऱ्यांचा आर लावून त्यात रोडगे भाजायचे, बाजूला मोठ्या गंजात वांग्याची भाजी आणि वरण. तिथे आर लावणारे, रोडगे उलटणारे, राख झटकून ते कुस्करणारे बहुधा पुरुषच असतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. उघड्यावर शंभर माणसांचं रांधणारे हे हात घरच्या ओट्यापाशी दहा माणसांच्या पुऱ्या तळू शकतात. ते जमणार नसेल तर सरळ एक वेळ भोजनालयात जेवावं आणि तो खर्च पहिल्यापासून कागदावर लिहावा. चैन म्हणून नाही, तर सुटी सगळ्यांची आहे म्हणून.

आता गाडी चालवणाऱ्याकडे वळू. गावातली क्रूझर ठरवताना भाव होतो तो किलोमीटरचा, डिझेलचा आणि टोलचा. चालकाचं जेवण भाड्यात धरलंय की नाही, हे कुणी विचारत नाही. रस्त्यावरच्या अनेक ढाब्यांवर गिऱ्हाईक आणणाऱ्या चालकाला जेवण फुकट मिळतं. म्हणून तो विशिष्ट ढाब्यावरच गाडी थांबवतो, आणि गाडीतली मंडळी कुरकुरतात, की यानं मुद्दाम महागड्या जागी आणलं. ती तक्रार अगदी खोटी नसते. पण त्याच्या ताटाची सोय सहलीच्या मालकानं केली नाही, म्हणून ढाब्याच्या मालकानं केली, एवढंच. वाहतूक कामगारांसाठी नोव्हेंबर 2025 पर्यंत 1961 चा कायदा होता. दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती आणि विश्रांती धरून कामाचा पसारा बारा तासांच्या आत, असं तो सांगायचा. पण पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या व्यवसायालाच तो लागू व्हायचा. गावातल्या एकट्या गाडीवाल्याला कायद्याची ती सावली नव्हतीच. पहाटे पाच ते रात्री नऊ हे सोळा तास होतात. त्याला दोन तास झोप मिळेल असा बेत आखणं पूर्णपणे त्या पाठकोऱ्या कागदावर लिहिणाऱ्याच्या हातात असतं. समृद्धीच्या सरळसोट रस्त्यावर डोळ्यांवर कशी झापड येते, हे तिथून रात्री गाडी हाकणारा कुणीही सांगेल.

शेगावची वाट धरणाऱ्याला तर गाडीवाल्याच्या ताटाचा विसर पडायला नको. शेगावची सगळी कथाच एका जेवणावळीबाहेर सुरू होते. 23 फेब्रुवारी 1878 ला देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ झाली होती. बाहेर टाकलेल्या पत्रावळींवरची शितं वेचून खाणारा एक तरुण बंकटलाल अगरवाल यांना दिसला. आत जेवून तृप्त झालेले पुष्कळ असतील. बंकटलाल थांबले, त्यांनी विचारपूस केली आणि त्या तरुणासाठी आतून भरलेलं ताट आणवलं. संतचरित्रं लिहिणाऱ्या दासगणूंनी ही कथा ग्रंथात घातली आणि ती घराघरांत पोचली. भक्त तिच्यात गजानन महाराजांचं प्रकट होणं पाहतात. पण पंगतीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला 'जेवलास का' म्हणून विचारणारा बंकटलालही त्याच कथेत आहे, आणि गाडी लावून परत येताना त्याची आठवण ठेवणं कुणालाही जमेल.

शेगावातल्या महाप्रसादाबद्दलही थोडं बोलायला हवं. काही बेतांत 'जेवण: प्रसाद, खर्च 0' असं लिहिलेलं असतं. प्रसाद घेण्यात काहीच गैर नाही. तो सगळ्यांसाठीच आहे, आणि पैसेवाल्यानं तिथे बसू नये असं म्हणणं त्या पंगतीचा अपमान ठरेल. खटकतं ते फक्त हिशोबातलं शून्य. ते अन्न कुणीतरी दिलेलं असतं आणि कुणीतरी रांधलेलं असतं. तिथले सेवेकरी आपापल्या घरचं काम सोडून, पाळीपाळीनं, मोबदला न घेता राबायला येतात. संस्थानचा कारभार पाहणाऱ्या आणि 4 ऑगस्ट 2021 ला निधन पावलेल्या शिवशंकरभाऊ पाटलांनी या सेवेला जी शिस्त लावली, ती पाहायला बाहेरची माणसं येत. वाढणारा सेवेकरी एखाद्या गावचा चांगला शेतकरी असू शकतो, आणि पुढ्यात बसलेला त्याचा मजूरही असू शकतो. त्या दालनात गाडीमालक, गाडीवान, दशम्या लाटणारी आणि दशम्या खाणारा सगळे एकाच रांगेत बसतात, कारण बसायला दुसरी जागाच नसते. तासाभरानं हीच मंडळी रस्त्यावरच्या हॉटेलात चहाला थांबतात, आणि गाडीवाला न सांगताच लांबच्या टेबलाकडे जातो.

तेव्हा आवाज द्यायला हवा. 'अहो दादा, इकडं या ना. चहा सांगितला तुमचाबी.' एवढ्यानं टेबल तंग होईल, पोरांना मांडीवर घ्यावं लागेल, पण जागा होते.

संध्याकाळी बाळापूर मागे पडतं. पोरं पेंगतात, कुणाच्या तरी मांडीवर कचोरीचा पुडा असतो. कागदावरची शेवटची ओळ 'रात्री 9 ला घरी' अशी असते आणि तिच्यापुढे काही लिहिलेलं नसतं. गाडी दारात उभी राहते, पिशव्या उतरतात, आणि चपला काढता काढताच कुणीतरी म्हणतं, 'थोडीशी खिचडी टाक, दुसरं काही नको.' ती चूल पेटवायला कोण आत जाणार आहे, हे पातूरच्या आसपासच ठरवता येतं. गाडीत मागच्या सीटवर एक तरणाताठा मुलगा बसलेला असतो. पहाटे पाचपासून त्यानं फक्त फोटो काढलेले असतात, आणि डाळ-तांदळाचे डबे कुठल्या फळीवर आहेत, हे त्याला माहीत असतं.