किती वेळा चालेल, हे काय विचारतोस?

तुझं पत्र मिळालं, फोटोही पाहिले. विचारलं आहेस एवढंच : ‘सर, .३०० विंचेस्टर मॅग्नमची पितळी पुंगळी पुन्हा पुन्हा भरून साधारण किती वेळा चालते? माझ्या नऊ वेळा झाल्यात, दहा पुऱ्या करायला हरकत नाही ना?’ धातुशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसानं हे विचारावं याचा मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. तू राहतोस तिथं घरी काडतुसं भरणं कायद्याला धरून आहे, शेकडो लोक आयुष्यभर ते काळजीनं करतात. तुझ्या छंदाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वर्गात शिकलेलं सगळं दाराबाहेर ठेवून तू प्रेससमोर बसतोस याची.

किती वेळा, हा आकडा पुंगळीवर कुठं कोरलेला असतो का? पितळ सगळीकडे तेच, सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरचा कमाल दाब १७,००० पीएसआय, त्याच्या पुंगळ्या डझनावारी वेळा भरल्या जातात. जुन्या .३०-३० रायफलीचा ४२,०००. तुझ्या मॅग्नमचा ६४,०००. आईच्या स्वयंपाकघरातला कुकर पंधरा पीएसआयला शिट्टी देतो, यावरून अंदाज कर. एवढ्या दाबाला पितळ आपल्या सोसण्याच्या कडेवर उभं असतं. तिथं एकाच खोक्यातल्या पुंगळ्या एकाच्या हातात पंधरा वेळा टिकतात आणि दुसऱ्याच्या हातात चौथ्या बाराला तुटतात. फरक पितळेत नाही, चेंबरमध्ये आणि पुंगळी पुन्हा मापात आवळायला डाय लावणाऱ्या हातात आहे.

चाप ओढलास की काय होतं ते तुला परत सांगावं लागतंय. दारू पेटते, दाब चढतो. पुंगळीचा पुढचा भाग पातळ, तो फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरून बसतो. तसा धरायलाच हवा, नाहीतर वायू मागे येईल. बुडाकडची भिंत जाड, ती तशी धरत नाही. बुडाच्या मागे आणि बोल्टच्या तोंडापुढे जेवढी मोकळी जागा असेल, तेवढं बूड मागे सरकतं. पुढचं अंग जखडलेलं, मागचं सरकणारं, मग ताण कुणाच्या वाट्याला येतो? जिथं जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते, त्या अरुंद पट्टीच्या. दर बाराला ती पट्टी थोडी ताणली जाते, थोडी पातळ होते. आणि ही मोकळी जागा दर खेपेला नव्यानं कोण करून देतं? तू.

पत्रात मोठ्या समाधानानं लिहिलं आहेस की डाय शेल-होल्डरला टेकेपर्यंत खाली आणतो आणि वर पाव आटा आणखी फिरवतो, म्हणजे काडतूस ‘लोण्यासारखं’ आत जातं. जाणारच! खांदा इतका मागे ढकललास की पुंगळी चेंबरमध्ये सैल बसते. डायबरोबरच्या कागदावर तसं लिहिलं असेल. तो कागद कुठल्याही रायफलीत काडतूस बसावं म्हणून लिहिलेला असतो. तुझी रायफल एक आहे, तिचं चेंबर एक आहे. त्यातून निघालेली पुंगळी आधी मोजायची आणि खांदा तेवढ्यापासून इंचाचे दोन सहस्रांश, म्हणजे ०.०५ मिलिमीटर मागे न्यायचा. बोल्ट सहज मिटायला तेवढं पुरतं.

तुझ्या पुंगळीला बुडाशी पट्टा आहे, म्हणून तर हे जास्तच जपायला हवं होतं. हा पट्टा हॉलंड अँड हॉलंडच्या १९१२च्या .३७५ मॅग्नमकडून वारशानं आला. त्या पुंगळीचा खांदा इतका उतरता होता की तिला चेंबरमध्ये नेमकं अडवून धरायला पट्ट्याचाच भरवसा होता. १९६३ साली विंचेस्टरनं .३०० काढली तेव्हा खांदा चांगला ठसठशीत दिला, पट्टा मात्र तसाच राहिला. चेंबर कापणारे पट्ट्यापाशी माप काटेकोर ठेवतात आणि खांद्यापाशी ऐसपैस सोडतात. नवी पुंगळी पहिल्याच बाराला तिथवर ताणली जाते, ते काही तुझ्या हातात नाही. त्यानंतर ती खांद्यावर टेकवून वापरायची की दर वेळी मागे रेटून पुन्हा ताणायची, हे पूर्णपणे तुझ्या हातात आहे. तू नऊ वेळा रेटलीस.

पुढे लिहितोस, ‘लांबी वाढते, पण मी दर वेळी २.६२० इंचांच्या आत कातरून घेतो, त्यामुळे काळजी नाही.’ अरे, कातरलेलं पितळ आलं कुठून? वस्तुमान टिकतं हे शाळेतलं पोर सांगेल. मानेपाशी जेवढं वाढलं, तेवढं कुठूनतरी ओढलं गेलं, आणि बुडाजवळची भिंत तेवढी झिजली. तुझ्या टेबलावरची ती सोनेरी कातरण म्हणजे त्या भिंतीचा हिशोब होता. तू ती झाडूनं लोटून टाकलीस.

आता तुझा तिसरा फोटो. पट्ट्याच्या जरा वर, पुंगळीला वळसा घालणारी एक चकचकीत बारीक रेघ आहे. तू म्हणतोस तो डायचा ओरखडा. असेलही, डायच्या कडेनं बाहेरून तशी रेघ उमटते आणि ती निरुपद्रवी असते. पण ते फोटो बघून ठरत नाही आणि मानून घेऊन तर मुळीच ठरत नाही. एक कडक तार घे, टोक काटकोनात वाकव, कानशीनं त्याला धार आण. ती मानेतून आत घालून टोक भिंतीला दाबत बुडापासून वर ओढ. भिंत सरळ असेल तर टोक सरळ येईल. त्या रेघेच्या जागी टोक अडखळलं, खाचेत पडल्यासारखं झालं, तर आतून चर पडलेला आहे आणि ती पुंगळी संपली. एवढ्यानं समाधान होत नसेल तर एक पुंगळी पकडीत धरून करवतीनं उभी चीर, कापलेली कड पॉलिश कर आणि भिंग घेऊन बस. भिंत बुडाकडून वर येता येता एके जागी आत खचलेली दिसेल. परीक्षेत फॅटिगचं उत्तर तू चांगलं लिहिलं होतंस, मला आठवतं. ते उत्तर तुझ्या हातातल्या पितळेत आहे आणि तू बाहेरून पुसून चकचकीत करतो आहेस.

‘आता प्राइमर अंगठ्यानंच बसतो, प्रेस लागत नाही’ हे वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं. ती सोय नव्हे. बूड फुगलं आहे आणि प्राइमरचा खड्डा सैल झाला आहे. डाय तिथवर पोचत नाही, त्यामुळे हे दुरुस्त होत नाही. अशा खड्ड्यातून वायू थेट बोल्टच्या तोंडावर येतो. ज्या पुंगळ्यांत प्राइमर असा बसला, त्या एकजात बाद. यावर चर्चा नको.

माना फुटायला लागल्या म्हणून तू ॲनीलिंग सुरू केलंस. विचार बरोबर होता. मान दर वेळी फुगते, दर वेळी आवळली जाते, त्यानं पितळ कडक होतं आणि शेवटी तडकतं. पण तू काय केलंस? पुंगळ्या चिमट्यात धरून अख्ख्याच्या अख्ख्या ज्वाळेत फिरवल्यास, रंग बदलला की पाण्यात टाकल्यास, आणि लिहितोस, ‘पाण्यानं बूड परत कडक होतं.’ कुणी शिकवलं तुला हे? मी तरी नाही. पोलाद तापवून पाण्यात बुडवल्यावर कडक होतं, पितळ होत नाही. पितळेचा कडकपणा दाबून, ओढून, ठोकूनच येतो. कारखान्यात बूड दाबाखाली घडवून मुद्दाम कडक ठेवतात आणि मान तापवून मऊ करतात. सैन्याच्या काडतुसांवर मानेभोवती निळसर-तपकिरी छटा दिसते ती त्या तापवण्याची, तिथं ती पुसून काढत नाहीत. बुडापर्यंत उष्णता गेली की तो कडकपणा कायमचा गेला, आणि ६४,००० पीएसआयखाली मऊ बूड उभं फुटतं. चर पडलेल्या भिंतीपेक्षा हे वाईट.

रंग डोळ्यांनी ओळखतो असंही लिहिलं आहेस. अमेरिकेतच राहतोस, स्प्रिंगफील्डच्या शस्त्र कारखान्याची गोष्ट तरी माहीत हवी. १९०३च्या मॉडेलच्या सुरुवातीच्या रायफलींचं पोलाद तिथले अनुभवी कारागीर भट्टीतला रंग डोळ्यांनी पाहून तापवत. लख्ख उन्हात आणि ढगाळ दिवशी तोच रंग वेगळा भासतो. पोलाद जास्त तापलं, ठिसूळ झालं. १९१७ साली रायफली फुटायला लागल्यावर चौकशी झाली आणि मऊ बुडाच्या पुंगळ्या हेही त्यातलं एक कारण निघालं. ज्युलियन हॅचर या अधिकाऱ्यानं हे सगळं नोंदवून ठेवलं आहे. ८,००,०००च्या खालच्या क्रमांकाच्या स्प्रिंगफील्ड रायफली लोक आजही झाडायला कचरतात. जन्म भट्टीसमोर गेलेल्या कारागिरांची ही गत, तर तुझ्या गॅरेजमधल्या डोळ्यांवर मी काय विश्वास ठेवू?

आणि अमोनियाचं काय? पुंगळ्या लख्ख व्हाव्यात म्हणून काच पुसायचं, अमोनिया असलेलं द्रावण वापरतोस. या एका गोष्टीसाठी तुला माफी नाही, कारण अमोनियानं पितळ तडकण्याचा रोग ओळखला गेला तो याच मुलखातल्या पावसाळ्यावरून. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं इथं पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली असत आणि न झाडताच तडकत. घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ कणांच्या सीमांवरून उलतं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ साली ते मांडलं. पुण्याजवळ खडकीला १८६९पासून काडतुसांचा कारखाना आहे, जळगाव जिल्ह्यात वरणगावला आहे. आपल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या हे पितळ हाताळलं आहे. त्या मातीतून शिकून गेलेल्यानं पितळेला अमोनिया लावावा? साबणाचं कोमट पाणी पुरतं.

तुटली तर काय होईल, हेही ऐक. बहुतेक वेळा आजची मजबूत रायफल सांभाळून घेते. पुंगळीचं पुढचं नळकांडं चेंबरमध्ये अडकतं, बूड तेवढं बाहेर येतं, आणि माणूस हसून विषय सोडतो. त्या हसण्याचीच मला भीती वाटते. एखाद्या वेळी वायू बोल्टच्या खाचांतून, मॅगझिनमधून मागे येतो, आणि मागे तुझा चेहरा असतो. माउझरनं १८९८च्या रायफलीत बोल्टला दोन भोकं ठेवली ती हा वायू तोंडापासून दूर वळवायला. त्याच पॉल माउझरनं १९०१ साली एका स्वयंभरण रायफलीची चाचणी घेताना डोळा गमावला. या विषयात त्याच्याइतकं कळणारी माणसं तेव्हा जगात फार नव्हती. पहिल्या फोटोत तुझ्या शेजारी तुझी मुलगी उभी आहे. कानाला मफ आहेत, डोळ्यांना चष्मा नाही. तुझ्याही नाही.

पितळ महाग झालंय, हे कारण पुढे करू नकोस. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे तुझ्या आजीनं सांगितलं असेल. एवढी रायफल, एवढी दुर्बीण घेणाऱ्याला पन्नास पुंगळ्या जड जात नाहीत. खरी अडचण अशी की तू वही ठेवली नाहीस. तीन वेगवेगळ्या खोक्यांतल्या पुंगळ्या एका डब्यात ओतल्यास, त्यामुळे नऊ वेळा ही गणतीसुद्धा अंदाजाची आहे. तुला शिकवताना मी प्रयोगवहीवर सही केल्याशिवाय प्रयोग धरत नव्हतो. तेव्हा तू कुरकुरायचास.

तर आता हे कर. त्या डब्यातली एकही पुंगळी पुन्हा भरायची नाही. भरून ठेवलेली असतील ती झाडायची नाहीत, गोळी काढायच्या हातोडीनं काळजीपूर्वक मोकळी करायची. रिकाम्या सगळ्या पकडीनं चेपून भंगारात द्यायच्या, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाहीत. नवं एकच खोकं आण, त्याला वेगळा डबा आणि वही कर, प्रत्येक बाराला मोजमाप आणि तारेची तपासणी लिही. चेपण्याआधी मात्र दोन पुंगळ्या उभ्या चिरून त्यांचे फोटो मला पाठव. ते पाहिल्याशिवाय मी तुझ्या पुढच्या पत्राला उत्तर देणार नाही, आणि तोवर मुलीला रेंजवर न्यायचं नाही.