अडलेल्याची सही

पुणे-नाशिक महामार्गालगत मंचर, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात गुंठ्याचा भाव हा घरोघरचा विषय झाला आहे. घेणारा बहुधा चाकणच्या कारखान्यात किंवा मुंबईच्या बाजारात राबणारा, देणारा चार भावांचा सामाईक सातबारा असलेला शेतकरी. बोलणं होतं ते भाव, रस्ता, पाणी आणि एनए यांवर. त्याआधीचा प्रश्न मात्र धर्माचा आहे : सही करणाऱ्याला ती नाकारता आली असती का? नकार देण्याची ही ताकद धडधाकट शरीरातून आणि हाताशी असलेल्या पैशातून येते. यातलं एक जरी गेलं तरी माणूस अडतो, आणि अडलेल्याची संमती पुरती संमती नसते. म्हणून प्रकृती आणि आर्थिक स्थैर्य यांना मी व्यवहार न्याय्य ठरण्याची अटच मानतो.

आधी स्थैर्याची तजवीज करावी, हा विचार या मुलखाला नवा नाही. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान दिलेली शेतं निवर्तन या जुन्या मापात मोजून नोंदली आहेत. नाशिकच्या लेण्यातला उषवदाताचा लेख त्याहून बोलका आहे. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने ३००० कार्षापण (नाणी) विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक मंडळांकडे, ठेवले. २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, १००० वर पाऊण. मुद्दल कधीच काढायचं नाही, व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांसारखा खर्च भागवायचा. भिक्षुसंघावर मुद्दल मोडायची वेळच येऊ नये, ही त्यामागची तजवीज. आजचे कित्येक खरेदीदार नेमकं उलट करतात. फंड मोडून, वर कर्ज काढून, तुकडेबंदीमुळे सामाईकात गुंठे घेतात. मग घरात कुणाची बायपास निघते. दवाखान्याचं बिल आठवड्यात भरायचं असतं; इकडे मोजणी, हिस्सेदारांच्या सह्या, ‘इतर हक्क’ रकान्यातला सोसायटीचा बोजा उतरवणं, यात महिने जातात. गरजेची बातमी गावात फुटली की भाव पडलाच. कालचा गुंतवणूकदार आज अडलेला विक्रेता होतो.

तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण त्या कथेतला एक तपशील सहसा मागे पडतो : खतं बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची, भावाचा वाटा भावाच्या हाती दिला. त्याग असो वा धाडस, ते आपल्या वाट्यापुरतंच करावं. घरच्यांच्या औषधपाण्याचा पैसा जमिनीत घालणारा दुसऱ्यांचा वाटा पणाला लावतो.

यावर खरेदीदाराचा सर्वांत जड आक्षेप असा : विक्रेत्याचं दुखणं मी आणलेलं नाही, मी जमीन घेतली नाही तर त्याचं ऑपरेशन कसं होणार? हे खरं आहे, आणि अशा वेळी पैसे घेऊन येणारा माणूस उपकारकच असतो. मात्र गरज त्याने निर्माण केली नसली, तरी गरजेपोटी पाडलेल्या भावातला नफा तोच घेतो. मोकळ्या माणसाच्या सहीइतकी अडलेल्याची सही प्रमाण धरता येत नाही, हे कायद्यालाही पटलेलं आहे. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी, ठाकर या आदिवासी कुटुंबांची जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ मुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगरआदिवासीला विकता येत नाही. या तरतुदीमुळे अडचणीच्या वेळी गिऱ्हाईक मिळत नाही, ही तक्रारही रास्त आहे. दुसरा आक्षेप असा, की आधी तब्येत आणि शिल्लक पाहायची तर गरिबाने जमीन घ्यायचीच नाही का? जरूर घ्यावी, पण उपचाराची तरतूद बाजूला ठेवून जेवढी झेपेल तेवढी, मग ती कितीही थोडी का असेना. आणि दुखण्यापायी कोणी विकायला आला, तर चालू भावाने मोठा इसार द्यावा, खरेदीखताला वर्षाची मुदत ठेवावी, आणि तेवढ्यात तो सावरला तर इसार परत करून जमीन राखायची मुभा कागदावरच लिहून द्यावी.