चिकटलेलं पान

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात २०२० च्या आयपीएलचे साखळीतले सगळे ५६ सामने आहेत. पण हे युएईत झालेले सामने नव्हेत. हे ४ जून ते १० जून या सात दिवसांत दापोली तालुक्यात, आंजर्ल्याजवळच्या आमच्या घराच्या पडवीत झाले. रोज आठ. खेळाडू खरे, धावा पुस्तकातल्या.

शाळेत मागच्या बाकावर बसलेल्यांना बुक क्रिकेटचे नियम सांगायला नकोत. पुढच्या बाकांवरच्यांसाठी सांगतो. न बघता पुस्तक उघडायचं आणि डावीकडच्या पानाचा शेवटचा आकडा बघायचा. डावं पान कायम सम असतं. २, ४, ६ म्हणजे तेवढ्या धावा, ८ आला तर एक (काही शाळांत नो-बॉल), शून्य आलं की बाद. पाच आकड्यांत एक शून्य, म्हणजे बाद होण्याआधी सरासरी चार चेंडू आणि प्रत्येकावर सरासरी सव्वातीन धावा. एकूण तेरा. रोहित शर्मा असो की जसप्रीत बुमराह, दोघांची सरासरी तेराच. शतक निघालं तर हजार डावांत एखादं. एवढी समानता मला दुसऱ्या कुठल्याच खेळात सापडलेली नाही.

३ जूनला, बुधवारी, निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि त्याच्या तडाख्यात दापोली-मंडणगडही सापडले. मी लॉकडाऊनमुळे मेमध्येच पुण्याहून घरी आलो होतो. दुपारी आगरातून येणारा आवाज आधी वाऱ्याचा वाटला, मग कळलं, तो पोफळी मोडण्याचा आहे. आमच्या मागच्या बाजूची कौलं गेली. शेजारच्या चुलतकाकांच्या घराचे पत्रे मात्र सगळेच उडाले. एक पत्रा तर तीन आगरं पलीकडे एका माडाला गुंडाळलेला सापडला. काकू आणि अकरा वर्षांचा बारक्या आमच्याकडे राहायला आले. काका मुंबईत अडकलेले. वीज नाही, फोनला रेंज नाही. आपण जिवंत आहोत हे बाबांना कळलंय की नाही, हे बारक्याला ठाऊक नव्हतं. तो ते विचारतही नव्हता. गुरुवारी सकाळी त्याने विचारलं ते एवढंच, ‘दादा, आयपीएल होणार का आता?’

मार्चच्या शेवटी सुरू व्हायचं आयपीएल एप्रिलमध्ये बेमुदत पुढे ढकललं होतं. मी म्हटलं, आपण करू. आठ संघ, चार त्याचे, चार माझे. मुंबई अर्थातच त्याची. पुस्तक माझं, कॉस्टिंगचं, सहाशे पानी. घरातलं तेवढंच एक पुस्तक कोरडं राहिलं होतं, तेही अगदी कोरडं नव्हे. एक नियम असा, की ज्याची फलंदाजी असेल त्याच्यासाठी पुस्तक समोरच्याने उघडायचं. दुसरा असा, की दमट हवेमुळे दोन पानं चिकटली असतील तर तो चेंडू बाद धरून पुन्हा उघडायचं. दुसरा नियम अगदी प्रामाणिकपणे केला होता. पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली.

पहिले चार दिवस छान गेले. सकाळी झाडं तोडून वाट मोकळी करायची, दुपारी क्रिकेट. सोमवारी सकाळी ढिगाऱ्याखालून बारक्याचं दप्तर निघालं. आतल्या वह्या-पुस्तकांचा लगदा झाला होता. तो काही बोलला नाही. दुपारी मुंबई विरुद्ध चेन्नई. मुंबई आधीच ओळीने चार सामने हरलेली. रोहितचा पहिला चेंडू, मी पुस्तक उघडलं तर पान ३४०. मी म्हणालो, ‘तीनशे सेहेचाळीस. सिक्स!’

एकदा असं केल्यावर थांबणं कठीण असतं. त्या डावात मी तीन शून्यं गिळली. रोहितच्या ७१ झाल्या, बारक्या पडवीभर नाचला, काकू सहा दिवसांत पहिल्यांदा हसली. मला वाटलं, यात वाईट काय आहे? चेन्नई माझी होती, म्हणजे नुकसान झालंच तर माझं. पैसे लागलेले नाहीत, बघणारं कुणी नाही. एका मुलाला एक दुपार मिळाली.

मंगळवारी माझी कोलकाता खेळत होती आणि पुस्तक बारक्याच्या हातात. आंद्रे रसेलला त्याने पुस्तक उघडलं, क्षणभर पाहिलं आणि पटकन मिटलं. ‘पान चिकटलं होतं.’ पुन्हा उघडलं. चार. पुढच्या षटकात पुन्हा चिकटलं. मग मुंबईची पाळी आली तशी माझीही पानं चिकटायला लागली. दोनशे, अडीचशे. वहीत त्या दिवशीचे आकडे बघण्यासारखे आहेत. कुणी बादच होत नाही. आम्ही एकमेकांवर इतकी माया करत होतो की तिसऱ्या सामन्यात दोघांनाही जांभया यायला लागल्या.

शेवटी तोच म्हणाला, ‘दादा, असं नको. मजा नाय येत. तुझा रसेल आउट झाला होता.’

‘आणि रोहित?’

‘तोपण. मी बघितलं होतं.’

त्याने सोमवारचं पान काढलं, ७१ वर आडवी रेघ मारली, तो सामना पुन्हा खेळायला लावला. रोहित पहिल्याच चेंडूवर गेला. मुंबई हरली. बारक्याने स्वतःच्या हाताने ‘०’ लिहिलं, आणि मी घाबरलो होतो तसं काहीही झालं नाही. त्याने फक्त पुढचा फलंदाज कोण ते विचारलं.

नंतर पुण्यात रॉबर्ट कूव्हर या अमेरिकन लेखकाची १९६८ ची एक कादंबरी वाचनात आली. हेन्री वॉ नावाचा एकटा हिशेबनीस रोज रात्री फाशांवर बेसबॉलची अख्खी लीग चालवतो, खेळाडूंची आयुष्यं, राजकारण, म्हातारपण सगळं नोंदवतो. एका रात्री फासे असे पडतात की नियमाप्रमाणे त्याचा सगळ्यात लाडका तरुण खेळाडू डोक्याला चेंडू लागून मरतो. फासे पुन्हा टाकायला त्याला कोण अडवणार होतं? तो टाकत नाही. पण सहनही करू शकत नाही. पुढे एका सामन्यात तो फासे हाताने मांडतो आणि तो चेंडू टाकणाऱ्याला मारतो. पुस्तक मिटून मी बराच वेळ पान ३४० चा विचार करत बसलो. वॉने हाताने फासे मांडले ते सूडापोटी, मी मांडले ते मायेपोटी. तरी दोन्ही खेळांचं पुढे जे झालं ते सारखंच वाटलं. पडलेल्या फाशात कुणाची इच्छा नसते. मांडलेल्या फाशात असते. आणि एकदा ती आहे हे कळलं की प्रत्येक शून्यामागे कुणीतरी दिसायला लागतं.

त्या आठवड्यात वाडीत हेच चाललं होतं. कुणाचं तरी पाप, कुणाचा तरी नवस राहिलेला. काकूला एका बाईने तोंडावर सांगितलं, ‘तुमच्यातच काहीतरी कमी पडलं असणार.’ बारक्याने ते ऐकलं होतं. रात्री त्याने मला विचारलं, ‘आमचंच छप्पर का गेलं? तुमचं का नाही?’ मी म्हटलं, पान उघडलं, शून्य आलं. त्याला ते पटलं. मला वाटतं, पहिल्या चार दिवसांत आम्ही प्रामाणिकपणे खेळलो होतो म्हणूनच पटलं. कुणाच्याही चुकीशिवाय शून्य येतं, हे त्याने शेकडो वेळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पण मी त्याला अर्धंच खरं सांगितलं. कौलं सुटी सुटी पडतात, पत्रा पकडला की वारा सगळं छप्पर उचलतो. काकांकडे पत्रे होते, कारण वाटणीत त्यांना जुन्या घराऐवजी मागचा गोठा आला आणि कौलांचा खर्च परवडला नाही. म्हणजे वादळात सगळ्यांची सरासरी तेरा नसते. काहींच्या पुस्तकात शून्याची पानं आधीच जास्त शिवलेली असतात. अकरा वर्षांच्या मुलाला हे सांगावं का, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही नक्की कळत नाही.

बुधवारी आजोबा पंचनाम्यासाठी आगरात पोफळी मोजायला गेले, मी वही घेऊन मागे. आडव्या झालेल्या ४३. शिवाय ९ कललेल्या, मुळं अर्धी वर आलेली. शेजारचे म्हणाले, ‘त्यापण लिहा हो, पंधरा दिवसांत पडणारच आहेत.’ मलाही तेच वाटत होतं. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. पुढे मदत जाहीर झाली ती हेक्टरी ५०,००० रुपये, आणि आमच्याकडे जमीन मोजतात गुंठ्यात. गुंठ्याला पाचशेच्या आसपास. या हिशेबात नऊ पोफळींनी कुणाचं काय बिघडणार होतं?

आजोबांनी उत्तर न देता नळाची गोष्ट काढली. ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाची पानं-फळं मोजतो. नळाला खरं वाटत नाही, तो रथ थांबवून, झाड पाडून मोजतो. आकडा तंतोतंत. मग ऋतुपर्ण त्याला फाशांची विद्या देतो. ‘पूर्वी बेहड्याच्या बियांचेच फासे करत,’ आजोबा म्हणाले. ‘ज्याला झाड खरं मोजता येतं, त्यालाच फासे कळतात. लिही, पडलेल्या ४३, कललेल्या ९. वेगवेगळ्या.’

मी लिहिलं. पटलं मात्र नव्हतं. बारक्याच्या खेळात शून्याला हात लावायचा नाही, हे मला मान्य होतं. पण पोफळी काही रसेल नव्हेत, आणि मदतीचा कागद म्हणजे पडलेलं शून्य सावरण्यासाठीच असतो ना? जुलैच्या पावसात त्या नऊपैकी सहा पडल्या. मी आजोबांना आकडा सांगितला. ते म्हणाले, ‘म्हणजे तीन उभ्या आहेत.’

त्या बुधवारी संध्याकाळी छप्पन्नावा सामना संपत असताना एक जण मोटरसायकलवरून निरोप घेऊन आला. काकांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी, ११ जूनला, मोसमी पाऊस हर्णैला पोचला. आम्ही ताडपत्र्या ओढण्यात अडकलो आणि प्लेऑफचे चार सामने राहिले ते राहिलेच.

बारक्याला आता मिसरूड फुटलंय. गेल्या सुट्टीत मी त्याला वही दाखवली. रेघ मारलेला ७१ बघून तो हसला. म्हणाला, पुढच्या वेळी पुस्तक घेऊन ये, उरलेले चार खेळून टाकू. ‘फक्त मुंबईसाठी पुस्तक मी उघडणार. तुझा भरवसा नाय.’