बाळपणीच्या आठवणी : ठेव की उधारी?



मुलांचा वाढदिवस आला की घरच्या ग्रुपवर जुने फोटो येतात. कुंची घातलेलं बाळ, गालावर तीट, पायात वाळे, मागे आजीचा हात. घर बेळगावचं असो, इंदूरचं असो की बडोद्याचं, फोटो सारखाच! पाहताना डोळे भरून येतात. मग सत्संगात प्रश्न निघतो : या आठवणींत रमणं हे प्रेम की मोह?

आठवण येण्यात गैर काहीच नाही. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण मथुरेला गेल्यावर उद्धव नंदाघरी येतो. कृष्णाला आमची आठवण येते का, असं नंदबाबा त्याला विचारतात आणि लेकराच्या लीला सांगता सांगता त्यांचा कंठ दाटतो. ऐकणाऱ्या यशोदामाईच्या डोळ्यांना धार लागते, तिला पान्हा फुटतो. उद्धव एवढा ज्ञानी, पण तो त्यांना "मोह सोडा" म्हणत नाही. उलट तुम्ही दोघे धन्य आहात, असंच म्हणतो.

त्या दोघांनी आठवण काढली, पण हिशेब काढला नाही. आपलं मात्र इथेच चुकतं. मुलगा पुण्याला किंवा परदेशी असतो, फोन दोन दिवस उशिरा येतो, आणि आपल्या तोंडून निघून जातं, "तुझ्या तापात रात्र रात्र जागलो आम्ही!" लग्न, नोकरी, घर, कुठलाही मतभेद झाला की तीच रात्र पुन्हा बाहेर येते. गोड आठवणीचं आपण बिल करून टाकतो.

यात एक गोष्ट आपण विसरतो. साधारण तीन वर्षांच्या आधीचं माणसाला सहसा काही आठवत नाही. उष्टावणाचा पहिला घास, पहिलं बोरन्हाण, पांगुळगाडा, अंगाई, सगळं फक्त आपल्याजवळ आहे. मुलाजवळ त्यातलं काहीच नाही. जे त्याने मागितलं नाही, जे त्याला आठवतही नाही, त्याची वसुली त्याच्याकडून कशी करायची?

आणि आपलं स्वतःचं काय? आपल्यासाठीही कुणीतरी जागलंच होतं. वेखंड उगाळलं, धुरी दिली, मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं. त्यातलं आपल्याला तरी कुठे आठवतं? शास्त्रांत देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणं सांगितली आहेत, आणि पितृऋण संततीमुळे फिटतं असं म्हटलं आहे. म्हणजे नीट पाहिलं तर त्या जागलेल्या रात्री हे आपण मुलाला दिलेलं कर्ज नव्हतंच. आपल्या आईवडिलांचं ऋण आपण त्या रात्रींनी फेडत होतो. मग मुलाकडे उधारी उरलीच कुठे?

मुलांनी आईवडिलांना विचारू नये, असा याचा अर्थ नाही. म्हातारपणी आधार देणं हा त्यांचा धर्म आहेच. पण तो त्यांना त्यांच्या विवेकाने कळू दे. आठवणीचा दोर गळ्यात टाकून ओढलेलं माणूस घरी येतं, जवळ येत नाही.

आणखी एक. पाळण्यातल्या बाळावर जीव लावताना समोरचा चाळिशीचा मुलगा किंवा लेक दिसेनाशी होऊ नये. "तुला काय कळतंय" हे वाक्य त्या बाळाला ठीक होतं, आता नाही. आणि त्याचा उघडा-नागडा फोटो शंभर जणांच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्याला एकदा विचारलेलं बरं.

या आठवड्याची साधना सोपी आहे. मुलाला त्याच्या लहानपणाची एक आठवण सांगू या, नुसती गोष्ट म्हणून. शेवटी "म्हणून तू" हे शब्द येऊ द्यायचे नाहीत. आणि ज्यांचे आईवडील हयात आहेत त्यांनी जवळ बसून विचारावं, "मी लहानपणी कसा होतो, कशी होते?" ते कितीही वेळ सांगोत, ऐकत राहावं. आपल्या त्या दिवसांची ठेव फक्त त्यांच्यापाशी आहे, आणि ते आहेत तोवरच ती आपल्याला मिळणार आहे.

जय गुरुदेव.